रशियन चांदी आणि मीनाकाम: आधी तार बघा, मग शिक्का

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑनलाइन लिलावात सोन्याचा मुलामा दिलेला, रंगीत मीनाकामाचा एक चांदीचा चमचा आणि एक लहानसा पेला विकायला आहे. मागे ८४ हा आकडा, एका बाईचं तोंड आणि रशियन अक्षरं आहेत. विकणारा ‘फॅबर्जे’ म्हणतो, म्हणजे झारच्या दरबाराच्या नामांकित जवाहिऱ्याच्या पेढीचं काम. ८४ म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के का, वस्तू खरी कशी ओळखायची, आणि अशा वस्तू जमवायच्या तर सुरुवात कुठून करायची?

आकड्याचं उत्तर सोपं आहे. टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. जुन्या रशियात वजनाचा पौंड सुमारे ४०९.५ ग्रॅमचा होता आणि त्याचे ९६ झोलोत्निक होत. एक झोलोत्निक म्हणजे सुमारे ४.२६६ ग्रॅम. धातूच्या ९६ भागांत शुद्ध चांदी किती, ते हा आकडा सांगतो. ८४ म्हणजे हजारात ८७५, ८८ म्हणजे सुमारे ९१६, ९१ म्हणजे सुमारे ९४८. सोन्यावर दिसणारा ५६ म्हणजे हजारात ५८३. इंग्लंडच्या ९२५ चांदीपेक्षा ८४ ची चांदी जरा हलक्या कसाची, पण रोजच्या वापराला टणक. ३० ग्रॅमच्या चमच्यात शुद्ध चांदी सव्वासव्वीस ग्रॅम निघेल, म्हणजे मोडीच्या भावाने हिशोब केला तर हाती फारसं काही लागत नाही. पैसे कारागिरीचे असतात, धातूचे नाहीत.

नुसता ८४ दिसला म्हणून वस्तू रशियनच, असंही नाही. इराणी चांदीवरही हाच आकडा येतो, कधी फारसी अंकांत. आणि पोलंड रशियन साम्राज्यात असताना वॉर्सात फ्रागे आणि नोर्ब्लिन या कारखान्यांनी चांदीचा मुलामा दिलेली भांडी अमाप काढली. त्यांच्यावर गरुडाचे भारदस्त ठसे असतात आणि खाली असतं पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. ‘रशियन चांदी’ म्हणून ती आजही सर्रास विकली जातात. कडा झिजलेल्या जागी पिवळट धातू डोकावतोय का ते बघा, म्हणजे उलगडा होतो.

आता मीनाकाम. सतराव्या शतकात क्रेमलिनच्या कार्यशाळांत तारेच्या नक्षीत भरलेला मीना होता, आणि उत्तरेकडे सोल्विचेगोद्स्क इथे पांढऱ्या मीन्याच्या पार्श्वभूमीवर मोठमोठी फुलं, पक्षी, माणसं रंगवण्याची शैली होती. हा माल आज संग्रहालयांत आहे; तो बाजारात मिळेल या आशेवर राहू नका. पीटर द ग्रेटच्या १७०० च्या फर्मानाने चांदीच्या कसाची तपासणी आणि शिक्के यांची घडी बसू लागली. पुढे राजधानी पीटर्सबर्गला गेली आणि दरबारी अभिरुची फ्रेंच-जर्मन वळणाची झाली. तारेतला मीना मागे पडला.

तो परत आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. ‘आपलं जुनं रशियन’ काय होतं याचा शोध तेव्हा चित्रकार, वास्तुकार आणि खुद्द झारचा दरबार घेत होता. फ्योदर सोल्न्त्सेव या चित्रकाराने क्रेमलिनमधल्या जुन्या वस्तूंची बारकाईने रेखाटनं केली आणि कारागिरांच्या हाती नमुन्यांचा खजिनाच आला. साझिकोव यांच्या पेढीची रशियन वळणाची चांदी १८५१ च्या लंडन प्रदर्शनात गाजली. मीनाकामाला खरा जोर दिला तो पावेल ओव्चिन्निकोव याने. भूदास कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने १८५० च्या दशकात मॉस्कोत कारखाना काढला, आणि पुढे दरबारी पुरवठादाराचा किताब मिळवला. १८७० च्या दशकात इव्हान ख्लेब्निकोव मॉस्कोत आला. त्यांच्यामागोमाग गुस्ताव क्लिंगर्ट, अंतिप कुझमिचोव, ओरेस्ट कुर्ल्युकोव, मारिया सेम्योनोव्हा अशी नावं येतात. फॅबर्जेने १८८७ मध्ये मॉस्कोत शाखा उघडली, आणि तिच्यासाठी तारेतल्या मीन्याचं सगळ्यांत सुंदर काम फ्योदर र्युकर्टच्या स्वतंत्र कार्यशाळेतून येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारागिरांच्या सहकारी मंडळ्या, म्हणजे आर्तेल, निघाल्या. त्यांना नावाऐवजी क्रमांक होते; अकराव्या आर्तेलचं काम तर सुरेखच. १९१७ नंतर हे सगळं मोडलं. म्हणजे संग्राहक ज्यावर जीव टाकतो तो मॉस्कोचा मीना जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

या वस्तूंत एकच तंत्र नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. ओव्चिन्निकोवच्या १८७० च्या आसपासच्या कामात चांदीत खळगे कोरून त्यात मीना भरलेला असतो. लाल, निळ्या, पांढऱ्या रंगांची ती नक्षी भरतकाम केलेल्या टॉवेलची आठवण करून देते. सिंहासनाच्या आकाराची, पाठीवर म्हणी कोरलेली मीठदाणी याच काळातली. पीटर्सबर्गच्या फॅबर्जेची ओळख वेगळी. तिथे यंत्राने चांदीवर बारीक लाटा किंवा किरणं कोरतात आणि वर पारदर्शक मीन्याचे पाच-सहा थर चढवतात; आतली नक्षी पाण्याखाली दिसावी तशी दिसते. मागचा धातूच नसलेला, काचेच्या खिडकीसारखा आरपार मीनाही असतो. कुझमिचोवचा असा माल अमेरिकेत टिफनीच्या दुकानात विकला जाई. आणि चांदीवरचं काळं नक्षीकाम, म्हणजे नीलो, हा मीना नव्हेच. तो चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचा मिश्र पदार्थ असतो. वेलिकी उस्त्युग हे त्याचं जुनं केंद्र.

तुमच्या चमच्यावर बहुधा तारेतला मीना असेल. तो कसा होतो ते नीट समजून घ्या, कारण खऱ्या-खोट्याची निम्मी परीक्षा त्यातच आहे.

चांदीचा पत्रा ठोकून, मधूनमधून तापवून नरम करत भांड्याचा आकार काढतात. वेगळी, शक्यतो जास्त शुद्ध चांदीची तार जंत्रीतून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढून केसाइतकी बारीक करतात. अशा दोन तारांना एकत्र पीळ देतात आणि रुळांमधून काढून चपट्या करतात. पीळ दाबला गेल्यामुळे पट्टीच्या कडेवर एकसारखे बारीक दाते उमटतात. ही पट्टी चिमट्याने वळवून पाकळ्या, पानं, वेली करायच्या, झाडाच्या डिंकाने भांड्यावर चिकटवायच्या, वर टाकणखार आणि डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, कीस भुरभुरायचा आणि तापवायचं. डाख वितळून तार भांड्याला धरते, डिंक जळून जातो. मग सौम्य गंधकाम्लात बुडवून काजळी काढतात.

मीना म्हणजे काच: वाळू, शिशाचं ऑक्साइड, पोटॅश, सोडा, आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा आणि फिरोजी, सोन्याच्या क्षारातून गुलाबी-लाल, कथिलाने पांढरा अपारदर्शक. काच अकीकाच्या खलात पाण्याखाली कुटून रव्यासारखी करतात आणि वरचं गढूळ पाणी पुन्हा पुन्हा ओततात, ते स्वच्छ निघेपर्यंत. इथे घाई झाली की पारदर्शक रंग दुधाळ निघतो. ओला रवा पिसाच्या टोकाने प्रत्येक कप्प्यात भरायचा, पाणी टिपून पूर्ण वाळवायचा, आणि ७०० ते ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत काही मिनिटं ठेवायचा. ओल राहिली तर वाफ होऊन रवा उडतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. वितळला की मीना बसतो, कप्पा अर्धा रिकामा दिसतो. परत भरायचं, परत भाजायचं. तीन ते पाच फेऱ्या सहज होतात, आणि प्रत्येक फेरीत डाख सैल होण्याचा धोका. ज्या रंगांना जास्त आच लागते ते आधी आणि नाजूक रंग शेवटी, असा क्रम पाळावा लागतो. लाल पारदर्शक मीना चांदीवर थेट बसवला तर तपकिरी-पिवळा पडतो. आधी बिनरंगी काचेचा थर द्यावा लागतो. सोन्याचा मुलामा सगळ्यांत शेवटी, कारण भट्टीत तो चांदीत जिरून जाईल.

चिनी पद्धतीच्या कामात हे झाल्यावर सगळा पृष्ठभाग घासून सपाट करतात. मॉस्कोच्या कामात सहसा तसं करत नाहीत. तार मीन्याच्या वर किंचित उभी राहते, मीना दोन तारांमध्ये थोडा खोलगट बसतो, आणि तारेच्या डोक्यावर त्या पिळाचे दाते दिसतात.

म्हणून दहापट भिंग घ्या आणि पहिल्यांदा तारेचं डोकं बघा. दाते बारीक आणि जिवंत दिसले पाहिजेत. वेलीचं टोक जिथे गुंडाळलं आहे तिथे चिमट्याने वळवल्याची किंचित असमानता हवी. दोन पाकळ्या अगदी एकसारख्या नसतात. ओतीव नकलेत तार आणि भांडं एकाच साच्यातून येतं. तारेच्या मुळाशी कोन धारदार नसतो, तो गोलसर भरलेला दिसतो. दाते पुसट असतात, आणि चार पाकळ्यांवर तोच खड्डा, तोच ओरखडा सापडतो. तोच दोष दोन ठिकाणी दिसला की साचा वापरलाय, यात शंका नाही.

त्यानंतर रंग. र्युकर्ट आणि त्याच्या तोडीच्या कार्यशाळांनी १९०० च्या आगेमागे छटांचा मीना लोकप्रिय केला. कप्प्यात एकसारखा अपारदर्शक रंग भाजायचा आणि वर कुंचल्याने गडद छटा, शिरा, ठिपके काढून पुन्हा मंद आचेवर भाजायचं. ऑलिव्ह हिरवा, करडा-निळा, मातकट गुलाबी असे दबलेले रंग असतात. खऱ्या कामात छटा पाकळीच्या मुळाशी गडद होऊन टोकाकडे विरत जाते. नकलेत ती वरून ठेवल्यासारखी दिसते, आणि लाल-निळे रंग चॉकलेटच्या वेष्टणासारखे चकचकतात. कडेने फिरोजी किंवा पांढऱ्या मण्यांची ओळ असेल तर तीही बघा. प्रत्येक मणी हा स्वतंत्र वितळलेला थेंब असतो, त्यामुळे एखादा मणी शेजाऱ्यापेक्षा जरा लहान-मोठा निघणारच.

आता शिक्के.

१८९९ च्या आधीच्या वस्तूवर सहसा चार गोष्टी मिळतात: गावाचं चिन्ह, कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं आणि त्याखाली वर्ष, कसाचा आकडा, आणि कारागिराचा किंवा पेढीचा ठसा. मॉस्कोचं चिन्ह म्हणजे घोड्यावर बसून ड्रॅगनला भाला मारणारा सेंट जॉर्ज. पीटर्सबर्गचं म्हणजे जहाजाचे आडवे-तिडवे दोन नांगर आणि राजदंड. मॉस्कोच्या विक्टर साविन्कोवची आद्याक्षरं १८५५ ते १८८८ च्या मालावर ढिगाने दिसतात.

१८९९ पासून बाईचं तोंड आलं. डोक्यावर कोकोश्निक, म्हणजे उभ्या कमानीची पारंपरिक रशियन शिरोभूषा. १९०८ पर्यंत ती डावीकडे बघते आणि सोबत विभागाच्या अधिकाऱ्याची आद्याक्षरं असतात: मॉस्कोत इव्हान लेबेद्किन, पीटर्सबर्गात याकोव ल्यापुनोव आणि नंतर रिख्टर. १९०८ पासून ती उजवीकडे बघते आणि आद्याक्षरांऐवजी ग्रीक अक्षर येतं, मॉस्कोला डेल्टा आणि पीटर्सबर्गला आल्फा. क्रांतीनंतरही हा शिक्का काही वर्षं चालला. १९२७ पासून दशमान पद्धत आली: हातोडा घेतलेल्या कामगाराचं डोकं आणि ८७५ किंवा ९१६. १९५८ पासून पाच टोकांच्या ताऱ्यात विळा-हातोडा.

गोम पुढे आहे. सोव्हिएत संघ संपल्यावर रशियाने कोकोश्निकवाली बाई परत आणली, उजवीकडे बघणारी. त्यामुळे उजवं तोंड आणि शेजारी ९२५ असेल तर वस्तू नवी आहे. नवीन कार्यशाळा जुन्या नमुन्यांवर उत्तम काम करतात आणि ते उघडपणे नवं म्हणून विकतात; त्यात काही वावगं नाही. पुढच्या हातात गेल्यावर ९२५ घासून ८४ मारला जातो, तिथून फसवणूक सुरू होते. शिक्क्याभोवतीची चांदी जरा खोलगट, जास्त चकचकीत किंवा पातळ वाटली तर तिथे काहीतरी पुसलं गेलंय.

शिक्के एकमेकांशी जुळतात का, हे तपासायला कॅलेंडर पुरतं. फॅबर्जेच्या पीटर्सबर्ग कार्यशाळेचा प्रमुख मिखाईल पेर्खिन १९०३ मध्ये वारला. त्याचा ठसा आणि १९०८ नंतरची उजवीकडे बघणारी बाई एकाच वस्तूवर आली तर ती वस्तू खोटी आहे, विकणाऱ्याने कितीही कागद दाखवले तरी. त्याच्यानंतर हेन्रिक विगस्ट्रॉम आला. पीटर्सबर्गच्या मालावर सहसा कार्यप्रमुखाची आद्याक्षरं आणि नुसतं ‘फॅबर्जे’ असतं. दुतोंडी गरुड आणि त्याखाली आद्याक्षरासह ‘के. फॅबर्जे’ हा मॉस्कोच्या चांदीचा प्रकार. पेर्खिनची आद्याक्षरं, गरुड आणि ‘के. फॅबर्जे’ अशी सगळी मेजवानी एका सिगारेटकेसवर मांडलेली असेल तर ती खोटं काम करणाऱ्याच्या उत्साहाची खूण. र्युकर्टच्या बाबतीत मात्र दोन ठसे एकावर एक येणं स्वाभाविक आहे, कारण फॅबर्जेकडून विकल्या गेलेल्या त्याच्या वस्तूंवर त्याच्या आद्याक्षरांवरच फॅबर्जेचा ठसा मारलेला आढळतो. क्रांतीपूर्वीच्या रशियन लेखनात ओव्चिन्निकोवसारख्या व्यंजनान्त आडनावांच्या शेवटी एक न उच्चारलं जाणारं अक्षर लिहीत. पूर्ण नावाच्या ठशात ते गायब असेल तर सावध व्हा.

ठसा पोलादी पंचाने चांदीत मारलेला असतो. कडा धारदार, तळ सपाट, आणि आजूबाजूची चांदी किंचित उचललेली. ओतीव ठशात तळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. लेसरने कोरलेल्यात चांदी उचलली जातच नाही. मीना बसल्यानंतर हातोडीने पंच मारला तर मीना तडकतो. म्हणून ठशाच्या बरोबर मागे मीना असेल आणि तिथेच ताजा तडा असेल, तर ठसा नंतर मारला आहे असं समजा. झाकण, तळ, कडी असे सुटे भाग असतील तर त्यांच्यावरही छोटे शिक्के हवेत.

सगळ्यांत त्रासदायक नकला त्या, ज्यात शिक्के अस्सल असतात. एखाद्या साध्या, बिनमीन्याच्या चमच्याचा शिक्क्याचा तुकडा कापून नव्या कपाच्या तळाला डाखतात. तळावर श्वास सोडा. वाफ धरली की डाखाची रेघ क्षणभर वेगळ्या रंगाने उमटते. दुसरा प्रकार असा की वस्तू आणि शिक्के दोन्ही १९०० चे अस्सल, पण साधी चांदी होती आणि मीना हल्लीचा. अशा वेळी जुनं खोदकाम मीन्याखाली अर्धवट दबलेलं दिसतं, किंवा कुणाचं तरी नाव कोरलेली जागा नक्षीच्या मधोमध विचित्रपणे येते. तिसरा प्रकार म्हणजे क्लिंगर्ट किंवा एखाद्या आर्तेलच्या चांगल्या वस्तूवर फॅबर्जेचा जादा ठसा. यात वाईट वाटतं ते असं की प्रामाणिक वस्तू बिचारी खोटी ठरते.

या सगळ्यामुळे शिक्क्यावरून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. पंच बनवणं आज स्वस्त आहे. तीन दिवस बसून पिळाची तार चिमट्याने वळवणं आजही महाग आहे, म्हणून नक्कल करणारा तिथेच हात आखडता घेतो.

खरी वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू नव्हे. मीना काच आहे. वस्तू पडली, वाकली की कपच्या उडतात. चमच्याच्या मानेवर आणि पेल्याच्या ओठावर तडे हमखास असतात. जुनी दुरुस्ती बहुतेक वेळा रंगीत राळेने केलेली असते, काचेने नाही, कारण जुना मीना पुन्हा भट्टीत घालणं म्हणजे डाख सुटणं, शेजारचे रंग पालटणं आणि मुलामा जाणं यांना आमंत्रण. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारला तर राळ सहसा शेजारच्या काचेपेक्षा वेगळी, दुधाळ चमकते. भिंगाखाली राळ तारेच्या डोक्यावर सांडलेली दिसते आणि तिची चमक मेणचट असते. गरम सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. राळेची लहानशी दुरुस्ती असलेली, किंमत त्याप्रमाणे कमी असलेली वस्तू घ्यायला हरकत नाही. नक्षीचा चौथा हिस्सा राळेचा असेल तर सोडून द्या.

किंमत ठरते ती कामाची प्रत, वस्तूचा प्रकार, शाबूतपणा आणि नाव यांवर, आणि माझ्या मते याच क्रमाने, जरी बाजार नावाला आधी धरतो. चमचे सगळ्यांत जास्त मिळतात. मग चार्का, म्हणजे व्होडकाचा छोटा पेला. तुमचा ‘पेला’ तोच असावा. त्यावर सिगारेटकेस, मीठदाणी, चहाचा डबा. होडीच्या आकाराचा, एका बाजूला दांडा असलेला कोव्श आणि पोट सुटलेलं पेयाचं मोठं भांडं, म्हणजे ब्रातिना, यांना मागणी जास्त, म्हणून नकलाही तिथेच जास्त. चार्क्याची आतली बाजू बघायला विसरू नका. भिंतीच्या मागून मीन्याच्या कप्प्यांचे ठसे आत उमटले असतील तर पत्रा फार पातळ आहे.

शिकायला सुरुवात करायची तर सोव्हिएत काळातले ९१६ चे मुलामा दिलेले मीनाकामाचे चहाचे चमचे घ्या. सहा-सहाच्या पेटीत येतात आणि क्रांतीपूर्व मालाच्या मानाने स्वस्त असतात. बऱ्याच चमच्यांत नक्षी पत्र्यावर दाबून उमटवलेली असते, तारेची नसते. एक असा चमचा आणि एक १९०० च्या आसपासचा क्लिंगर्टचा किंवा आर्तेलचा चमचा भिंगाखाली शेजारी ठेवलात की वर लिहिलेलं सगळं डोळ्यांनी कळेल. सोव्हिएत संघात शिकायला किंवा कामाला गेलेल्या माणसांनी आणलेल्या अशा पेट्या आणि चहाच्या ग्लासचे नक्षीदार कडीवाले धारक महाराष्ट्रातल्या काही घरांतही असतील. मात्र ते ग्लासधारक बहुतेक वेळा रशियातल्या कोल्चुगिनोच्या कारखान्यातले, तांबं-निकेल-जस्ताचे निघतात. दिसायला चांदी, पण चांदी नाही.

अस्सल काम बघायचं तर मॉस्कोत क्रेमलिनचं आर्मरी संग्रहालय आणि राज्य ऐतिहासिक संग्रहालय, पीटर्सबर्गात शुवालोव राजवाड्यातलं फॅबर्जे संग्रहालय. अमेरिकेत नातेवाईक असतील तर बाल्टिमोरचं वॉल्टर्स आणि वॉशिंग्टनचं हिलवूड. हिलवूडच्या मार्जरी पोस्ट या १९३७-३८ मध्ये अमेरिकी राजदूताच्या पत्नी म्हणून मॉस्कोत होत्या. सोव्हिएत सरकार तेव्हा जप्त केलेला माल सरकारी दुकानांतून विकत होतं, आणि त्यांच्या रशियन संग्रहाची खरी सुरुवात तिथली. तुमच्या-आमच्या शहराशी धागा शोधायचाच तर आर्मरीत १८९१ चं एक फॅबर्जे अंडं आहे, आत ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेची प्रतिकृती असलेलं. युवराज निकोलाय ज्या पूर्वेच्या सफरीवर त्या जहाजाने निघाला होता, तिचा एक मुक्काम १८९० च्या डिसेंबरात मुंबईला होता.

खरेदीचे व्यवहार. लिलावाच्या हातोडीच्या भावावर खरेदीदाराचं कमिशन लागतं, मोठ्या लिलावगृहांत ते पाव हिश्श्याच्या आसपास किंवा जास्त. त्यावर वाहतूक, विमा, सीमाशुल्क. बोली लावण्याआधी सगळं जोडून बघा. २०२२ मध्ये लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी रशियन कलेचे खास लिलाव रद्द केले. तेव्हापासून बराच माल लहान लिलावांत विखुरला आहे, जिथे वर्णनं ढिसाळ असतात. रशियातून थेट आणायच्या फंदात पडू नका. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तूंना तिथे तज्ज्ञांची तपासणी आणि परवाना लागतो, शंभरीपलीकडच्या वस्तू बाहेर काढणं जवळपास बंदच आहे. चहाची किटली घेत असाल तर कडीत दोन पांढऱ्या चकत्या असतात, उष्णता हाताला लागू नये म्हणून. त्या बहुधा हस्तिदंताच्या असतात आणि हस्तिदंत भारतात आणता येत नाही. इथे आलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू परत परदेशी पाठवायची झाली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

घरी आल्यावर तिला चांदीच्या निरांजनासारखी वागवू नका. रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, चांदी उजळायचं तयार द्रावण, सराफाकडचं अल्ट्रासोनिक मशीन, ॲल्युमिनियमची पट्टी आणि सोड्याचं गरम पाणी, यातलं काहीही नको. रसायन मीन्याच्या तड्यात शिरतं आणि बाहेर येत नाही. मुलामा तर चार घासण्यांत जातो. गाळलेल्या नव्हे, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कुंचला, आणि वस्तू बुडवायची नाही. लगेच सुती कापडाने टिपायची, चोळायची नाही. तड्यांच्या भागाला पाणीच लावू नका, कोरडा कुंचला पुरे. गरम-थंड एकदम नको. मीना आणि चांदी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून खिडकीतलं ऊनही वाईट. ठेवताना आम्लरहित कागदात गुंडाळा. लोकर, फेल्ट, रबरबँड आणि वर्तमानपत्र टाळा. त्यांतल्या गंधकाने आणि आम्लाने चांदी काळवंडते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. मीन्यावर चिकट घाम आल्यासारखं दिसलं तर काच ओल शोषून खराब होऊ लागली आहे. पुसत बसू नका, कोरड्या जागी हलवा आणि संग्रहालयाच्या जतन विभागात दाखवा.

तुमच्या त्या दोन वस्तूंसाठी आज एवढंच करा. विकणाऱ्याकडून प्रत्येक शिक्क्याचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा, मग तारेच्या डोक्याचा, ओठाचा आणि चार्क्याच्या आतल्या बाजूचा. वजन ग्रॅममध्ये आणि लांबी मिलिमीटरमध्ये. मीना राळेने दुरुस्त केला आहे का, याचं लेखी उत्तर, आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घेण्याची मुदत. बाई डावीकडे बघत असेल, शेजारी लेबेद्किनची आद्याक्षरं असतील आणि तारेला दाते असतील, तर १८९९ ते १९०८ दरम्यानचा मॉस्कोचा चांगला चमचा तुमच्यासमोर असू शकतो. मग फॅबर्जेचा ठसा वेगळा तपासा, आणि तो खात्रीचा नसेल तर बिननावाच्या चमच्याची किंमत लावा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर बोली लावू नका.